अस्सल, नक्कल आणि बखर : संशोधनातील प्राथमिक साधने कशी ओळखावीत आणि कशी वापरावीत

पदव्युत्तर प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात बहुधा ‘प्राथमिक साधने’ आणि ‘दुय्यम साधने’ असे दोन मथळे असतात. पहिल्या मथळ्याखाली जुनी कागदपत्रे येतात, दुसऱ्याखाली पुस्तके येतात आणि विद्यार्थी पुढच्या प्रकरणाकडे वळतो. जुने ते प्राथमिक आणि छापील ते दुय्यम, हा या वाटणीमागचा समज असतो. तो चुकीचा आहे, आणि त्याच्या चुकीचा त्रास पुढे प्रत्येक प्रकरणात होतो. पेशवे दफ्तरातील पत्र छापले म्हणून ते दुय्यम ठरत नाही, आणि दोनशे वर्षांपूर्वीची बखर केवळ जुनी म्हणून प्राथमिक ठरत नाही. एखादे साधन प्राथमिक आहे की दुय्यम, हे त्या कागदाच्या वयावर किंवा रूपावर ठरत नसून आपण त्याला कोणता प्रश्न विचारतो यावर ठरते. हा लेख त्या एका मुद्द्याभोवती फिरतो. उदाहरणे मुख्यतः मराठ्यांच्या इतिहासातील घेतली आहेत, कारण या विषयात साधनांची चर्चा मराठीत शंभराहून अधिक वर्षे चालू आहे आणि तिची परिभाषाही आपल्याकडे तयार आहे.

आधी व्याख्या, तीही थोडक्यात. ज्या घटनेचा, व्यक्तीचा किंवा विचाराचा आपण अभ्यास करतो, तिच्याशी थेट संबंध असलेल्या माणसाकडून किंवा यंत्रणेकडून, शक्यतो त्याच काळात निर्माण झालेला पुरावा म्हणजे प्राथमिक साधन. अशा पुराव्यांवरून नंतर कोणी केलेली मांडणी म्हणजे दुय्यम साधन. कोश, पाठ्यपुस्तके आणि माहितीपर लेख हे त्या मांडणीचेही संकलन असल्यामुळे त्यांना तृतीयक म्हणतात. त्यांचा उपयोग विषयात शिरण्यासाठी होतो. त्यांचा आधार प्रबंधात देऊ नये.

पहिली पायरी : साधन शोधण्याआधी प्रश्न लिहून काढणे

एक बखर घेऊ. सातारच्या छत्रपतींच्या पदरी असलेल्या मल्हार रामराव चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. महाराजांचे निधन १६८० मध्ये झाले, म्हणजे लेखक आणि विषय यांच्यात सव्वाशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे. ‘महाराजांनी अमुक किल्ला कोणत्या वर्षी घेतला’ हा आपला प्रश्न असेल, तर ही बखर दुय्यम साधन आहे आणि तेही जपून वापरण्याचे. पण ‘पेशवाईच्या अखेरीस सातारच्या दरबारी शिवचरित्र कसे सांगितले जात होते’ असा प्रश्न असेल, तर हीच बखर पहिल्या प्रतीचे प्राथमिक साधन ठरते. तिच्यातील चुकासुद्धा या दुसऱ्या प्रश्नासाठी मोलाच्या ठरतात, कारण कोणत्या गोष्टी रुळल्या आणि कोणत्या विसरल्या गेल्या हे त्यांतून कळते.

दुसरे उदाहरण १८९७ च्या पुण्याचे आहे. प्लेगच्या बंदोबस्तासाठी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष रँड यांच्यावर २२ जून १८९७ रोजी गोळ्या झाडण्यात आल्या. या काळावर काम करणाऱ्या तीन विद्यार्थ्यांचे तीन प्रश्न असू शकतात. घरांची झडती कशी घेतली जात होती, किती माणसे रुग्णालयात आणि विलगीकरणाच्या छावण्यांत नेली जात होती, असे पहिल्याने विचारले, तर समितीचा अहवाल आणि सरकारी पत्रव्यवहार हे त्याचे प्राथमिक साधन. शहरातील लोकांना त्याविषयी काय वाटत होते, असे दुसऱ्याने विचारले, तर ‘केसरी’सह त्या वेळची वृत्तपत्रे, अर्ज आणि खाजगी पत्रे हे त्याचे साधन. तिसऱ्याचा प्रश्न असा असेल की लोकांचे मत सरकारपर्यंत कोणत्या रूपात पोहोचत होते. मग सरकारी भाषांतर विभाग देशी वृत्तपत्रांतील उतारे इंग्रजीत आणून जो साप्ताहिक गोषवारा तयार करीत असे, तो त्याच्यासाठी अस्सल पुरावा होय.

येथे एक वारंवार होणारी चूक सांगावीशी वाटते. तो गोषवारा इंग्रजीत आहे, सहज मिळतो आणि विषयवार लावलेला असतो, त्यामुळे अनेक प्रबंधांत त्यातील मजकूर ‘केसरीने म्हटले’ अशा शब्दांत उतरतो. पण केसरीने ते मराठीत म्हटले होते. काय निवडायचे, काय गाळायचे आणि कोणत्या इंग्रजी शब्दात मांडायचे हे भाषांतर विभागाने ठरवले होते. मूळ अंक उपलब्ध असेल तर मूळ अंकच पाहिला पाहिजे. अंक मिळतच नसेल, आणि लहान गावांतील अनेक पत्रांच्या बाबतीत तसे होते, तर गोषवारा वापरावा, पण तो गोषवारा आहे हे त्याच वाक्यात सांगावे.

दुसरी पायरी : साधनाला पाच प्रश्न विचारणे

कोणताही कागद हाती आला की तो कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला, घटनेनंतर किती काळाने लिहिला, ही माहिती लिहिणाऱ्याला कशी मिळाली आणि त्या लेखनातून त्याला काय साधायचे होते, हे पाच प्रश्न आधी विचारावेत. पाचांपैकी शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे आणि सर्वांत कमी विचारला जातो.

मराठी दफ्तरांत कागदांचे जे प्रकार आढळतात, त्यांच्या नावांतच या प्रश्नाचे अर्धे उत्तर असते. महजर म्हणजे पंचांसमक्ष आणि साक्षीदारांच्या सह्या-निशाण्यांनिशी झालेल्या निर्णयाचा लेख; त्यात वादाच्या दोन्ही बाजू येतात, पण निवाडा ज्याच्या बाजूने झाला त्याच्या घरी तो जपून राहतो. करीना म्हणजे एखाद्या घराण्याने आपल्या हक्काच्या समर्थनार्थ सांगितलेली हकिगत. तिच्यात पूर्वजांचा पराक्रम ठळक असणार हे गृहीत धरूनच ती वाचावी. रोजकीर्द, ताळेबंद आणि जमाखर्च हे हिशेबाचे कागद असून ते लिहिणाऱ्या कारकुनाला पुढच्या पिढीचे मन वळवायचे नव्हते. अमुक दिवशी अमुक घोड्यांना इतका दाणा दिला, ही नोंद कोणाच्या गौरवासाठी केलेली नसते, म्हणून लष्कर त्या दिवशी कोठे होते हे ठरवायला ती एखाद्या रसभरित वर्णनापेक्षा जास्त विश्वासार्ह असते. माझ्या मते नव्या संशोधकाने पहिले वर्ष बखरींपेक्षा हिशेबाच्या कागदांवर घालवावे. कंटाळा येतो, पण नजर तयार होते.

याच ओघात अस्सल आणि नक्कल हा भेदही लक्षात घ्यावा. अस्सल म्हणजे ज्यावर प्रत्यक्ष शिक्का-मोर्तब झाले तो मूळ कागद. त्याची उतरून घेतलेली प्रत म्हणजे नक्कल किंवा तालीक. नक्कल म्हणजे खोटा कागद नव्हे. मूळ कागद जीर्ण झाल्यामुळे, वाटणीमुळे किंवा सरकारात दाखल करण्यासाठी नकला होतच असत. मात्र नक्कल करणाऱ्याने एखादा आकडा चुकवलेला असू शकतो, अपरिचित नाव ओळखीच्या नावासारखे केलेले असू शकते, किंवा काही ओळी गाळलेल्या असू शकतात. म्हणून आपण अस्सल पाहिली की नक्कल, हे टिपणात पहिल्या ओळीत लिहावे.

तिसरी पायरी : साक्षी मोजू नयेत, त्यांचे मूळ शोधावे

शिवजन्माच्या तारखेचा वाद हा साधनांची पारख शिकण्यासाठी मराठीतील सर्वांत चांगला धडा आहे, म्हणून त्यावर थोडे थांबू.

दीर्घकाळ शके १५४९ मधील वैशाख शुद्ध द्वितीया, म्हणजे एप्रिल १६२७, ही तिथी प्रचलित होती. तिला मुख्य आधार उत्तरकालीन बखरींचा होता. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या संग्रहातील एक शकावली प्रसिद्ध केली. शकावली म्हणजे वर्षवार टाचणांची यादी. या यादीत १६१८ ते १६९७ या काळातील नोंदी आहेत आणि तिच्यात शिवजन्माची तिथी शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी दिलेली आहे. इंग्रजी तारखेत ती १९ फेब्रुवारी १६३० येते. पुढे १९२७ मध्ये सदाशिव महादेव दिवेकर यांनी कवींद्र परमानंदांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य प्रसिद्ध केले. परमानंद हे महाराजांचे समकालीन आणि आश्रित. त्यांच्या काव्यातही शके १५५१ मधील फाल्गुन वद्य तृतीयाच आहे.

आता वरवर पाहणारा म्हणेल की बखरी संख्येने जास्त आहेत, तेव्हा त्यांचे पारडे जड. येथेच संशोधनाची पद्धत उपयोगी पडते. एका बखरीवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी लिहिली गेली असेल, तर त्या तीन साक्षी नसून एकच साक्ष तीनदा ऐकू येत आहे. याउलट मावळातील देशमुखांच्या घरातील मराठी टाचण आणि दरबारी कवीचे संस्कृत काव्य यांची घडण, भाषा, हेतू आणि जपणूक पूर्णपणे वेगळी आहे. एकाने दुसऱ्यावरून उतरवून घेतल्याचे चिन्ह नाही. अशा दोन स्वतंत्र साक्षी दहा परस्परावलंबी साक्षींपेक्षा मोठ्या ठरतात.

मात्र याच ठिकाणी प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य करावी लागते. जेधे शकावली जन्माच्या दिवशी लिहिलेली नाही. ती जुन्या टाचणांवरून केव्हातरी एकत्र केलेली यादी आहे, आणि आपल्या हाती आलेली प्रतही नक्कलच आहे. काटेकोर व्याख्येने ती प्रत्यक्षदर्शी साधन ठरणार नाही. तरी अभ्यासक तिला मान देतात, याचे कारण ती जुनी आहे एवढेच नाही. तिच्यातील इतर अनेक नोंदी इतर भाषांतील कागदांशी ताडून पाहता जुळतात, हे खरे कारण आहे. साधनाची विश्वासार्हता अशी एकेका नोंदीने सिद्ध होत जाते.

वाराची एक पडताळणी तर वाचकाला घरी बसून करता येईल. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जुन्या, म्हणजे ज्युलियन, कालगणनेतील आहे. सतराव्या शतकात तिच्यात दहा दिवस मिळवले की आजच्या ग्रेगोरियन कालगणनेची तारीख मिळते, म्हणजे १ मार्च १६३०. ग्रेगोरियन दिनदर्शिकेतील वार दर चारशे वर्षांनी तंतोतंत परत येतात, म्हणून भ्रमणध्वनीवर १ मार्च २०३० चा वार पाहावा. तो शुक्रवार येतो आणि शकावलीतही शुक्रवारच आहे. याने जन्मतिथी सिद्ध होते असे मात्र समजू नये. वार योगायोगाने जुळण्याची शक्यता सातांत एक असतेच, आणि पंचांग जाणणाऱ्याला मागाहून वार काढताही येतो. या पडताळणीने एवढेच कळते की नोंद स्वतःशी विसंगत नाही. विसंगत नोंद मात्र याच चाळणीत पहिल्यांदा गळून पडते.

महाराष्ट्र शासन १९ फेब्रुवारीला शिवजयंती साजरी करते आणि तिथीप्रमाणे साजरी करणारेही पुष्कळ आहेत. त्या उत्सवाच्या वादात संशोधकाने पडण्याचे कारण नाही.

चौथी पायरी : तारीख नीट उकलणे

जुन्या कागदांत सर्वाधिक चुका तारखेच्या होतात. मी स्वतः सुरुवातीच्या काळात एक पत्र पुरते एक वर्ष मागे ओढले होते आणि त्यावर रचलेला सगळा परिच्छेद नंतर काढून टाकावा लागला, म्हणून हा भाग जरा सविस्तर लिहितो.

मराठी कागदांत शालिवाहन शकाबरोबर शुहूर सन फार आढळतो. त्याला अरबी सन किंवा मृगसाल असेही म्हणतात, कारण सूर्य मृग नक्षत्रात गेला की, म्हणजे मेअखेर ते जूनच्या आरंभी, हे वर्ष सुरू होते. त्याचे आकडे अरबी शब्दांत आणि एककापासून वर चढत लिहिलेले असतात. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ याचा अर्थ एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. इसवी सन काढण्यासाठी त्यात वर्षारंभापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या वर्षारंभापर्यंत ६०० मिळवावेत. १४ जानेवारी १७६१ ची पानिपतची लढाई याच शुहूर ११६१ मध्ये झाली. त्याच वर्षातील १७६० च्या पावसाळ्याचे पत्र असेल तर ५९९ मिळवायचे आणि लढाईनंतरचे असेल तर ६००. सरसकट ६०० मिळवणारा पावसाळ्यातील पत्रे लढाईनंतर नेऊन ठेवतो, आणि मग मेलेल्या माणसांच्या नावे पत्रे निघू लागतात.

महिने हिजरी असतात आणि दिनांकाआधी ‘छ’ असते; ते चंद्राचे संक्षिप्त रूप आहे. काही पत्रांवर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोहोचल्याची, तारीख वेगळ्या हाताने घातलेली असते. लिहिल्याची तारीख आणि पोहोचल्याची तारीख यांत गल्लत करू नये. बातमी पुण्यात केव्हा समजली, असा प्रश्न असेल तर दुसरी तारीखच कामाची.

परभाषांतील कागद वापरताना आणखी सावध राहावे लागते. इंग्लंडने ग्रेगोरियन कालगणना १७५२ मध्ये स्वीकारली, तर पोर्तुगालने ती १५८२ मध्येच स्वीकारली होती. त्यामुळे सतराव्या शतकातील एकाच घटनेची तारीख सुरतेच्या इंग्रज वखारीच्या पत्रात आणि गोव्याच्या पोर्तुगीज पत्रात दहा दिवसांच्या फरकाने येते, आणि दोन्ही बरोबर असतात. त्यातच जुन्या इंग्रजी रिवाजाप्रमाणे वर्ष २५ मार्चला सुरू होई. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली ती जानेवारी १६६४ मध्ये. वखारीच्या त्या महिन्यातील कागदावर मात्र वर्ष १६६३ असू शकते. उत्तरेकडील कागदांत आणखी एक पेच असतो. तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष हा तिकडचा चैत्र वद्य पक्ष होतो.

व्यवहारात करावयाचे काम सोपे आहे. टिपणवहीत मूळ तारीख जशी आहे तशी, त्याच शब्दांत आणि आकड्यांत उतरवावी आणि तिच्या खाली आपण काढलेली इसवी तारीख कंसात घालावी. रूपांतर चुकले तर दुरुस्त करता येते. मूळच लिहिले नसेल तर दफ्तरखान्याची दुसरी फेरी पडते.

पाचवी पायरी : छापील खंडांपासून रुमालापर्यंत

नवखा संशोधक थेट दफ्तरखान्यात जाऊन रुमाल मागतो आणि दोन दिवसांत हिरमुसून परत येतो. (रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गाठोडे.) आधी छापील साधने संपवावीत. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने प्रसिद्ध केलेली साधने निराळीच. यातील पत्रे छापील असली तरी प्राथमिक साधनेच आहेत.

तरीही छापील खंड वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. सरदेसायांचे खंड ही निवड आहे, संपूर्ण दफ्तर नव्हे. निवडणाऱ्याला राजकारण आणि मोहिमा महत्त्वाच्या वाटल्या असतील, तर धान्याचे भाव, पाटबंधारे किंवा बलुतेदारांचे तंटे यांविषयीचे कागद रुमालातच राहिले असणार. आपला विषय यांपैकी असेल तर छापील खंडांत काही मिळाले नाही यावरून पुरावा नाही असा निष्कर्ष काढू नये. दुसरी गोष्ट लिप्यंतराची. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. शब्द कोठे तोडायचा हे वाचणारा ठरवतो. एखाद्या वाक्यावर आपला मुख्य निष्कर्ष टेकणार असेल, तर ते वाक्य मूळ कागदात पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

त्यासाठी मोडी शिकावी लागते. तीन-चार महिन्यांच्या नियमित सरावाने पेशवेकालीन वळणाचा साधा कागद वाचता येऊ लागतो. शिवकालीन वळण त्याहून अवघड जाते. अक्षरओळख झाली की खरी अडचण शब्दांची येते, कारण फारसी-अरबी शब्द आणि संक्षेप यांनी मजकूर भरलेला असतो.

मूळ कागदांसाठी पुण्यातील पेशवे दफ्तर, मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेख विभाग, कोल्हापूर येथील दफ्तर, धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ, पणजीचे पुराभिलेखागार आणि तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय ही महत्त्वाची ठिकाणे आहेत. तंजावरला भोसले घराण्याच्या राजवटीतील मोडी कागद आहेत, हे महाराष्ट्रातील विद्यार्थी अनेकदा विसरतात. ईस्ट इंडिया कंपनीचे कागद मुख्यतः लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात आहेत. राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर बरेच सरकारी कागद घरबसल्या वाचता येतात. जाण्यापूर्वी मार्गदर्शकांचे पत्र, ओळखपत्र आणि शिसपेन्सिल घ्यावी. दफ्तरखान्यात शाईचे पेन चालत नाही. पहिल्या दिवशी कागद न मागता सूची वाचावी आणि तेथील जुन्या कर्मचाऱ्यांशी बोलावे. कोणत्या विभागात काय दडले आहे, हे सूचीपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असते.

सहावी पायरी : कागद खरा आहे का, आणि खरे बोलतो का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला बाह्य परीक्षणाचा. कागदाची जात, त्यातील जलचिन्ह, अक्षराचे वळण, शिक्का, मायना आणि कालगणना ही त्या काळाशी जुळतात का, हे येथे पाहायचे असते. वतनांच्या वादात बनावट कागद पुढे केले जात आणि तशा कागदांची चर्चा जुन्या निवाड्यांतही आढळते, म्हणून हक्क सिद्ध करणाऱ्या कागदाकडे अधिक चिकित्सकपणे पाहावे. ज्या पदाचा उल्लेख आहे ते पद त्या वर्षी अस्तित्वात होते का, ज्या व्यक्तीला पत्र लिहिले आहे ती हयात होती का, एवढे तपासले तरी बरीच बनावट पत्रे उघडी पडतात. राज्याभिषेक शक ६ जून १६७४ रोजी सुरू झाला. त्यापूर्वीच्या पत्रात तो शक असेल तर पुढे वाचण्याचीच गरज नाही.

दुसरा प्रश्न अंतर्गत परीक्षणाचा. पूर्ण अस्सल पत्रसुद्धा असत्य सांगू शकते. मोहिमेवरील सरदार पैशांची मागणी करताना आपली अडचण वाढवून सांगतो, आणि वखारीचा इंग्रज अधिकारी कंपनीच्या मालकांना नुकसान समजावताना दोष दुसऱ्यावर ढकलतो. काशीराज पंडित हा अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेला माणूस पानिपतच्या वेळी अब्दालीच्या बाजूच्या छावणीत होता आणि त्याने लढाईचा वृत्तान्त फारसीत लिहिला, पण तो लढाईनंतर सुमारे दोन दशकांनी. तो प्रत्यक्षदर्शी आहे, म्हणून त्याला सोडता येत नाही. आठवणीतून लिहितो आहे, म्हणून संख्या आणि संवाद यांबाबत त्याच्यावर विसंबता येत नाही. छावणीची रचना, माणसांचे परस्परसंबंध, शरणागतांची अवस्था यांविषयी तो जे सांगतो ते वेगळे तपासावे आणि भाऊसाहेबांच्या मनात काय चालले होते याविषयी जे सांगतो ते वेगळे. एकाच साधनातील वेगवेगळ्या विधानांना वेगवेगळे वजन द्यावे लागते, ही गोष्ट विद्यार्थ्यांच्या गळी उतरायला वेळ लागतो.

इतर विषयांत काय

विज्ञानात ज्या निबंधात संशोधकाने स्वतःचा प्रयोग आणि त्याची निरीक्षणे मांडली आहेत, तो प्राथमिक. अनेक निबंधांचा आढावा घेणारा लेख दुय्यम. कायद्यात अधिनियमाचा मजकूर आणि न्यायनिर्णय हे प्राथमिक, भाष्यग्रंथ दुय्यम. संविधानातील एखाद्या अनुच्छेदामागचा विचार शोधायचा असेल तर १९४६ ते १९५० या काळात चाललेल्या संविधान सभेच्या चर्चांचे वृत्तान्त पाहावेत. समाजशास्त्रात आपण स्वतः घेतलेली मुलाखत हे प्राथमिक साधन असते, मात्र बोलणाऱ्याची संमती, मुलाखतीची तारीख आणि ध्वनिमुद्रण जपलेले असावे.

साहित्याच्या अभ्यासात प्रश्न थोडा नाजूक होतो. ज्ञानेश्वरी हे अर्थातच प्राथमिक साधन, पण कोणती ज्ञानेश्वरी? ग्रंथ शके १२१२ चा, म्हणजे १२९० चा. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, त्याचे पाठ शुद्ध केले, आणि राजवाड्यांनी १९०९ मध्ये एका जुन्या पोथीवरून वेगळी प्रत छापली. तेराव्या शतकातील मराठीच्या व्याकरणावर लिहिणाऱ्याने बाजारात मिळणारी सार्थ प्रत समोर ठेवून विधाने केली, तर तो सोळाव्या शतकाचे किंवा त्याहूनही अलीकडचे व्याकरण लिहीत असण्याचा धोका आहे. आवृत्तीचे नाव, संपादक आणि वर्ष दिल्याशिवाय ओवी उद्धृत करू नये.

सातवी पायरी : नोंद आणि उल्लेख

प्रत्येक कागदासाठी स्वतंत्र चिठ्ठी किंवा संगणकावरील स्वतंत्र नोंद करावी. तिच्यात संग्रहाचे नाव, विभाग, रुमाल क्रमांक, कागदाचा क्रमांक, मूळ तारीख, रूपांतरित तारीख, अस्सल की नक्कल, आणि आपण तो प्रत्यक्ष पाहिला, छायाचित्रात पाहिला की छापील खंडात वाचला, हे सर्व असावे. मूळ मजकूर आणि आपला सारांश वेगवेगळ्या रंगांत किंवा वेगळ्या रकान्यांत ठेवावा, कारण सहा महिन्यांनंतर आपले शब्द कोणते आणि कागदाचे कोणते हे आपल्यालाच सांगता येत नाही.

दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलेले पत्र आपण स्वतः पाहिल्यासारखे नमूद करण्याची खोड फार पसरलेली आहे. मूळ पाहिले नसेल तर ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. मौखिक परीक्षेत रुमाल कोणत्या रंगाच्या कापडात होता, असे एखादे परीक्षक सहज विचारतात, आणि मग पंचाईत होते.

शेवटी ज्यांनी काही लिहिलेच नाही त्यांच्याविषयी. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले, म्हणून शूद्रातिशूद्रांच्या शिक्षणाविषयी त्यांच्याच बाजूचा लेखी पुरावा आपल्याला मिळतो. त्याआधीच्या काळासाठी असे साधन क्वचितच हाती लागते. तेथे जात्यावरच्या ओव्या, वीरगळ, पोवाडे आणि फिर्यादीच्या वेळी कारकुनाने लिहून घेतलेल्या जबान्या उपयोगी पडतात, पण जबानीतील भाषा कारकुनाची असते आणि ओवीला तारीख नसते. पेशवाईच्या हिशेबांत कुणबीण, म्हणजे दासी, विकत घेतल्याची नोंद तिच्या किमतीसह सापडते. तिचे नावही कधीकधी सापडते, तिचे म्हणणे मात्र सापडत नाही. अशा वेळी नोंद, तारीख आणि किंमत जशी आहे तशी द्यावी, आणि तिच्या मनातले वाक्य आपण लिहू नये.